भिंतीतला उंदीर

सकाळी पलीकडून टकटक आली नाही. आली असेलही कदाचित, माईंना ऐकू आली नाही एवढं खरं.

चहाचं आधण ठेवून त्या नेहमीसारख्या भिंतीकडे कान लावून उभ्या होत्या. तेवढ्यात मिस्त्रीच्या माणसांनी वरच्या मजल्यावर फरशी फोडायचं यंत्र सुरू केलं आणि हुडहुडी भरल्यासारखं सगळं घर थरथरायला लागलं. फडताळातल्या बश्या एकमेकींवर वाजू लागल्या. माईंनी बत्ता उचलला, मिठाची बरणी बाजूला सारली आणि भिंतीवर ठरलेल्या जागी दोनदा ठोकलं. मग भिंतीला कान लावला. नुसती यंत्राची घरघर. चहा उतू गेला तेव्हा कुठे त्यांचं लक्ष गेलं.

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. आत माणसं राहत असताना घर फोडून पाहावं, असं मात्र कुणी म्हणून ठेवलेलं नाही, कारण ज्याने ते पाहिलं त्याच्यात म्हणी रचायचं त्राण उरलं नसणार. दोन आठवडे झाले, माई सिमेंटची धूळ खात होत्या. चहात धूळ, अंथरुणात धूळ, बोलायला तोंड उघडावं तर दातांखाली कचकच. पण तक्रार कुणाकडे करणार? घर नीट करा, असा धोशा त्यांनीच लावला होता. रांगेतलं घर ते. दोन्ही अंगांना दुसऱ्यांच्या भिंती. उजेड यायचा तो पुढून आणि मागून, आणि मधल्या खोलीपर्यंत पोचता पोचता दमून जायचा. स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावून भाजी चिरायची. जिना असा उभा, की उतरताना माणूस देवाचं नाव घ्यायचा आणि चढताना बिल्डरचं.

आणि उजव्या अंगाची ती भिंत. तिच्या पलीकडे अक्का राहत होत्या, माईंची थोरली नणंद. सासऱ्यांनी जोडीने दोन घरं घेतली होती, एक मुलाला, एक मुलीला, आणि मधल्या खोलीत दोघांमध्ये एक दार ठेवलं होतं. त्या दारातून भांडी जायची, पोरं जायची, भांडणंही जायची. सासूबाई शेवटच्या आजारात अक्कांच्या बाजूला होत्या. माईंचे यजमान जमीनमोजणीच्या खात्यात होते. त्या रात्री ते दौऱ्यावरून दमून आले, पडल्या पडल्या झोपले, आणि अक्कांनी त्यांना उठवलं नाही. झोपू दे बिचाऱ्याला, म्हणाल्या. सकाळी ते उठले तेव्हा आई गेलेली होती. "तू मला उठवलं नाहीस," एवढंच ते बहिणीला म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतः विटा आणल्या, स्वतःच्या हाताने ते दार चिणलं, आणि घरात सांगून टाकलं, की जो त्या घराशी बोलेल त्याने माझ्याशी बोलू नये.

माई बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त एकदा स्वयंपाकघरात झारा अडकवायला खिळा ठोकला, आणि पलीकडून दोनदा टकटक झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा झाली. माईंनी बत्त्याने उत्तर दिलं. तेव्हापासून एकही सकाळ चुकली नव्हती. उठले गं, असं पलीकडून, आणि मीही उठले, असं इकडून. याला काही बोलणं म्हणत नाहीत, अशी माईंनी आपल्या मनाची समजूत घातली होती. मन काय, घालाल ती समजूत घालून घेतं.

यंत्र थांबलं की त्या बत्ता घेऊन भिंतीपाशी जात होत्या. दोनदा गेल्या, दोनदा हात हलवत परत आल्या. खिडकीतून वाकून पाहिलं, तर अक्कांच्या पायरीवर वर्तमानपत्र पडलेलं होतं, घडी न मोडलेलं. उठून चार पावलं जायचं आणि दार वाजवायचं, एवढंच होतं. पण आपल्या पायरीवर यजमान, म्हणजे सगळ्यांचे मोजणीदार, बसले होते, टेपची डबी दोरीने गळ्यात अडकवून, आलेली वाळू कमी आहे की बरोबर ते डोळ्यांनी मोजत. त्यांना ओलांडून त्या दाराशी जायचं म्हणजे एवढ्या वर्षांचा संसार ओलांडण्यासारखं. आवाजामुळेच ऐकू आलं नसेल, माई स्वतःला म्हणाल्या. नक्की आवाजामुळेच.

"आई, ये ना. मिस्त्री थांबलाय," मुलाने हाक मारली.

पुढच्या खोलीत जुनं दार रंगाच्या दोन डब्यांवर आडवं टाकून टेबल केलं होतं. त्यावर नकाशा, नकाशावर चार कप, आणि भोवती घरातली माणसं, लढाईआधी सरदार जमावेत तशी. मुलगा, मोजणीदार, मिस्त्री. सून रुग्णालयात नर्स. रात्रपाळी करून सकाळी आली होती आणि झोपेविना डोळे लाल करून बसली होती. वरच्या खोल्या फोडलेल्या, म्हणून आठवडाभर ती मधल्या खोलीत झोपायची, म्हणजे झोपायचा प्रयत्न करायची.

"आजच सगळं ठरवून टाका, साहेब," मिस्त्री म्हणाला. "जिन्याला मधे वळण देऊ, म्हणजे चढ कमी होईल. वर छतात काच बसवू, उजेड थेट खालपर्यंत. आणि जिन्याखाली न्हाणीघर."

"जिन्याखाली न्हाणीघर कशाला?" मोजणीदार म्हणाले. "वर एक आहे ना?"

"बाबा, तुमचा गुडघा," मुलगा म्हणाला.

"माझ्या गुडघ्याचं नाव नकाशात कुठे आहे, दाखव."

"आज नाही दिसत. आणखी दोन वर्षांनी तुम्ही त्या जिन्यावरून घसरलात की दिसेल."

"मी घसरत नाही. डोंगर मोजलेत मी."

"डोंगरावर ओले कपडे घेऊन चढत नव्हतात तुम्ही," सून म्हणाली, आणि मुलगा हसला. मोजणीदारही हसले असते, पण मुलाच्या बाजूने हसणं त्यांना परवडणारं नव्हतं. ते बायकोकडे वळले. "तू सांग. खाली न्हाणीघर हवं का?"

"हं? हो. म्हणजे, तुम्ही म्हणाल तसं."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. या बाईने आयुष्यात कधी 'तुम्ही म्हणाल तसं' म्हटलं नव्हतं.

"काकू, ओट्याला दगड काळा की पांढरा?" मिस्त्रीने विचारलं.

"दोन," माई म्हणाल्या.

"आईंना बरं वाटत नाहीये का?" सून कपाळाला हात लावायला पुढे झाली. सासूसुनेचं या घरदुरुस्तीत चांगलं जमलं होतं. स्वयंपाकघराची आडवी भिंत कमरेपर्यंत उतरवायची, म्हणजे पुढचा उजेड ओट्यावर पडेल, ही मागणी सुनेनेच सासऱ्यांशी भांडून मान्य करून घेतली होती. माईंनी तिचा हात बाजूला केला. "बरी आहे गं. चालू द्या तुमचं."

"मग शेवटचं राहिलं," मिस्त्री म्हणाला. "ही उजवीकडची भिंत. ओलही आहे आणि आवाजही येतो. पूर्ण लांबीला फ्रेम ठोकतो, आत लोकर भरतो, वरून बोर्ड. सामान आलंय, उद्या सकाळी सुरू. एकदा बंद झाली, की पलीकडे कुणी ढोल बडवला तरी तुम्हाला कळायचं नाही."

"उत्तम," मोजणीदार म्हणाले.

"देवा, मला झोप लागेल," सून म्हणाली.

"ती भिंत राहू दे," माई म्हणाल्या.

वर यंत्र पुन्हा सुरू झालं होतं, त्यामुळे त्यांना ते मोठ्याने म्हणावं लागलं, आणि मोठ्याने म्हटल्यावर ते भांडणासारखं वाटलं.

"राहू दे म्हणजे?" मुलाने विचारलं.

"म्हणजे आहे तशी. खोली अरुंद होईल."

मोजणीदारांनी गळ्यातला टेप काढला, उघडला आणि बायकोसमोर धरला. "एवढी. साडेतीन इंच. साडेतीन इंचांनी तुझं काय अडणार आहे?"

माई त्या टेपकडे बघत राहिल्या. खरं बोलावं तर नवरा जातो, गप्प बसावं तर उद्या सकाळी भिंत जाते. इकडे आड, तिकडे विहीर. "मला नको वाटतं," त्या म्हणाल्या, आणि ते किती लटकं आहे ते त्यांनाच ऐकू आलं.

"आई, पण हे तर माझ्यासाठीच ठरलं होतं ना?" सुनेचा आवाज दुखावलेला होता. "तुम्हीच म्हणाला होतात, की पोरीला दिवसा झोप मिळत नाही. रात्रभर उभी असते मी. मी तुमच्या ओट्यासाठी बाबांशी भांडले, आणि तुम्ही माझ्या भिंतीच्या वेळी असं करता?"

मिस्त्रीला घरगुती भांडणं पाठ होती. तो विषय बदलायला मधल्या खोलीच्या दारातून आत बोट दाखवत म्हणाला, "तसंही ते तेवढं झाकलेलं बरं, काकू. ते कपाटामागचं. कुणीतरी नवख्याने चिणलंय. ओळंबा लावलेलाच नाही, भिंतीला पोट आलंय बघा."

मुलाला उगाच खोकला आला.

"ज्याने केलं त्याला घाई असेल," मोजणीदार म्हणाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधांची इंचाइंचाने मोजणी केलेला माणूस. त्यांनी टेप हळूहळू डबीत परत जाऊ दिला.

"आणि तिथूनच तो येतो," सून म्हणाली. "उंदीर. ह्यांनी पिंजरा लावला, त्यात पाल सापडली. औषध टाकलं, मुंग्या मेल्या. तो आपला रोज सकाळी मी पडले रे पडले की हजर. एरवी निदान स्वयंपाकघराच्या भिंतीत असतो, टकटक केली की गप्प बसतो. आज तर ताळच सोडला त्याने."

माईंचा हात टेबलावर टेकला. "आज कुठे होता?"

"त्या कपाटामागेच. अगदी खाली, जमिनीलगत. खरवडत होता नुसता. थांबायचा, परत खरवडायचा. मी उशी डोक्यावर घेतली."

"कधी?"

"मी आले तेव्हापासून. मग हे यंत्र सुरू झालं, त्यात काही कळेना."

जमिनीलगत. अक्कांची जागा मिठाच्या बरणीमागे होती, छातीच्या उंचीवर. जमिनीलगत ठोकायला माणूस जमिनीवर असावा लागतो.

"वरचं यंत्र बंद करा," त्या म्हणाल्या.

"काकू, थोडंच राहिलंय, एक पट्टा..."

"बंद करा म्हणते ना मी."

मिस्त्रीने जिन्यातून हाक घातली. घर एकदम शांत झालं. एवढ्या शांततेची सवय मोडल्यामुळे सगळ्यांना क्षणभर ऐकूच येईना. माई नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"तो उंदीर नाही. अक्का आहेत. रोज सकाळी त्या भिंतीवर ठोकतात आणि मी उलट ठोकते. आज त्यांचं ठोकणं आलं नाही. पेपर पायरीवर पडलाय. त्या खाली पडल्या आहेत."

मोजणीदारांच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. "रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"माझ्या नाकासमोर?"

"तुमच्या कानासमोर. उंदीर आहे हे तुम्हीच पहिल्यांदा म्हणालात. मी नाही म्हटलं नाही, इतकंच. आता मला काय बोलायचं ते नंतर बोला. आधी त्यांना बघा."

"मी फोन लावतो," मुलगा म्हणाला आणि लावलाही.

"तुझ्याकडे तिचा नंबर कुठून आला?"

मुलाने फोन कानाला लावला होता, त्यामुळे त्याला बापाकडे बघावं लागलं नाही. "आत्याची औषधं मी आणून देतो, बाबा."

"आणि रक्तदाब मी तपासते," सून खाली बघत म्हणाली. "दर आठवड्याला. आईंनाही सांगितलं नव्हतं. वाटलं, त्यांनाही राग आहे."

माई बघत राहिल्या. ताकाला जाऊन भांडं लपवणारे घरात तिघेजण होते, आणि तिघांनी एकमेकांपासूनच लपवलं होतं.

"म्हणजे या घरात तिच्याशी न बोलणारा मी एकटाच होतो," मोजणीदार म्हणाले.

तेवढ्यात भिंतीपलीकडे फोन वाजायला लागला. मधल्या खोलीतून स्पष्ट ऐकू येत होता. वाजत राहिला, वाजत राहिला आणि बंद पडला. मुलगा आणि मिस्त्री बाहेर धावले. पुढचं दार आतून लावलेलं, लोखंडी. मागचंही लावलेलं. खिडक्यांना गज. मिस्त्री धापा टाकत परत आला. "दार कापावं लागेल साहेब, आणि कटर दुसऱ्या कामावर आहे. माणूस पाठवतो."

मोजणीदार मधल्या खोलीत गेले होते. त्यांनी कपाट ढकललं होतं आणि त्या पोट आलेल्या भिंतीपाशी दुखऱ्या गुडघ्यावर बसले होते. कुणी पुढे व्हायच्या आत त्यांनी हात वर केला. "गप्प."

खाली, अगदी खाली, काहीतरी विटेवर घासलं.

"दाराचं सोड," ते मिस्त्रीला म्हणाले. "घण आण."

"साहेब, त्या भिंतीला टेकून पडल्या असतील तर विटा अंगावर जातील."

"वरून सुरू करायचं आणि विटा आपल्याकडे ओढायच्या. निघतील. काम कच्चं आहे."

"कच्चं आहे हे दिसतंय, पण आतून कसं आहे ते..."

"मला माहीत आहे. मीच केलंय ते."

मिस्त्रीने तोंड मिटलं आणि अवजारं आणायला गेला. माईंनी स्वयंपाकघरातून बत्ता आणला, नवऱ्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि दोनदा ठोकलं. "अक्का," त्यांनी भिंतीला ओठ लावून हाक मारली. इतक्या वर्षांनी ते नाव मोठ्याने उच्चारताना त्यांना रडू फुटलं. "अक्का, भिंत फोडतोय. सरकता आलं तर बाजूला सरका."

बराच वेळ काही नाही. मग पलीकडून एकदा. मग दुसऱ्यांदा.

मोजणीदारांनी मुलाला घण दिला नाही, मिस्त्रीलाही दिला नाही. छिन्नी लावून त्यांनी वरची वीट सैल केली आणि दोन्ही हातांनी ओढली. दुसरी ओढली. मग मिस्त्रीने न बोलता शेजारी जागा घेतली आणि मुलाने विटा मागे रचायला सुरुवात केली. मोजणीदारांच्या बोटांतून रक्त यायला लागलं. माईंनी सांगून पाहिलं, त्यांनी ऐकलं नाही. रागाच्या भरात ठासून भरलेलं सिमेंट हाताला भुसभुशीत लागत होतं. भगदाडातून पलीकडची हवा आली, अक्कांच्या घराची, मलमाची आणि जुन्या पुस्तकांची, आणि माईंना वाटलं, आपण काल संध्याकाळीच तिकडे जाऊन आलो होतो.

कमरेएवढी भिंत उरली तेव्हा सून तिच्यावरून चढून आत गेली. सगळे थांबले.

"शुद्धीवर आहेत," तिने आतून सांगितलं. तो तिचा रुग्णालयातला आवाज होता, घरात कुणी कधी न ऐकलेला. "नाडी ठीक आहे. खुब्याचं हाड वाटतंय. जिन्यावरून पडल्या, पहाटे. इथपर्यंत सरपटत आल्यात. कुणी हलवू नका. ॲम्ब्युलन्स बोलवा. स्ट्रेचर त्यांच्या बोळातून वळणार नाही, इकडूनच न्यावं लागेल. ही जागा पूर्ण मोकळी करा."

मुलगा फोन करायला बाहेर गेला. मिस्त्री उरलेल्या विटा काढायला लागला. माई ओला रुमाल घेऊन आत गेल्या आणि अक्कांच्या कोरड्या ओठांवर धरला. केवढ्याशा झाल्या होत्या अक्का. हातात कंगवा होता, त्याचे दात झिजून गेलेले. बाजूची वीट तेवढ्या जागी पांढरी पडली होती.

"तू ठोकत होतीस का गं सकाळी?" अक्कांनी विचारलं. आवाज म्हणजे नुसता वारा. "मला ऐकू आलं. त्या जागेपर्यंत पोचता येईना."

"बोलू नका आता," माई म्हणाल्या, आणि रडत राहिल्या.

तिकडे मोजणीदार उंबऱ्याशी उभे होते. आत पाऊल टाकायचं ते त्यांना जमेना. हातांना काहीतरी हवं म्हणून त्यांनी टेप काढला, या कडेपासून त्या कडेपर्यंत धरला आणि मिस्त्रीला म्हणाले, "स्ट्रेचरला अजून दोन इंच लागतील. ह्या बाजूची कड उतरव."

अक्कांनी डोळे उघडले. "तो मोजतोय का?"

"हो," माई म्हणाल्या.

"मोजू दे. तेवढंच येतं त्याला." मग त्यांनी भाऊ दिसेल एवढी मान वळवली. धुळीने पांढरा, बोटं रक्ताळलेली, टेप हातात तसाच.

"या वेळी उठवलं की नाही तुला?"

मोजणीदारांच्या हातातला टेप सुटला आणि सर्रकन आपोआप गुंडाळला गेला. ते उंबरा ओलांडून आत आले, दुखऱ्या गुडघ्यासकट जमिनीवर बसले आणि बहिणीचा कंगव्याचा हात आपल्या हातात घेतला.

"उठवलंस," ते म्हणाले. "मला वाटलं, उंदीर आहे."